मोठ्यातली मोठी शिवी

“तोंड उघड म्हनते ना! का देऊ अजून एक?”

एक तर गंगूताईने दिलीच होती. नागूच्या उजव्या गालावर तिची बोटं उमटली होती. पोरगं रडायला तोंड उघडेल आणि तेवढ्यात पळीभर दूध आत सोडता येईल, असा तिचा बेत. पण चार वर्षांच्या नागूला आता रडताही येत नव्हतं. डाव्या जबड्याखाली कैरीएवढं गळू आलं होतं. कातडी तटतटून चकाकत होती, मान एका अंगाला कलली होती आणि श्वास घेताना घशातून शिट्टी वाजत होती. दूध ओठांवरून ओघळून गळवावर आलं, तेव्हा तो नुसता थरथरला.

गंगूताईने पळी भिंतीवर फेकली. मग तोच हात स्वतःच्या थोबाडावर मारून घेतला.

“मर मेले,” ती स्वतःलाच म्हणाली. “लेकराला मारून राहिली.”

तिच्या हातचा मार खाल्लेला नाही असा माणूस बोरखडीत शोधावा लागला असता. महादेवाच्या गुरवाची ही थोरली बहीण. ऐन विशीत नवरा तापाने गेला, सासरच्यांनी दाराबाहेर काढली, तर ती दीराचं डोकं फोडून माहेरी आली. देवापुढचा नारळ चोरणाऱ्याला तिने त्याच नारळाने बडवलं होतं. धाकटा भाऊ उद्धव तर तिचा मार खातच वाढला होता. ओट्यावर बसून पत्रावळी टाचताना तिच्या तोंडून अशा काही शिव्या निघत की गावची टवाळ पोरं त्या ऐकायला मुद्दाम समोरून जात.

आणि याच बाईने नागूला शेळीच्या दुधावर जगवलं होतं. उद्धवची बायको अनुसूया, तिची आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती. नागू झाला तोही काडीसारखा, आणि अनुसूयेला दूध नाही. गंगूताईने त्याला पोटाशी बांधून घेतलं ते अजून सोडलं नव्हतं. त्याच्याशिवाय तिला जगात कुणी नव्हतं. हे ती कधी बोलली नाही, पण सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आतल्या खोलीत अनुसूया ओरडली. तिला पहाटेपासून कळा येत होत्या, आणि रुख्मिणी सुईण तिच्यापाशी होती. एकाच घरात एक लेकरू यायला बघत होतं आणि एक जायला. गंगूताई दोन्हीकडे धावत होती आणि दोन्हीकडे तिचं काही चालत नव्हतं.

उद्धवने दारातून डोकावलं. “ताई, नबीमामू आला का गं?”

“मामू काय आभाळातून पडंल? येईल तवा वेशीतूनच येईल! तुजी पाळी हाय ना पहाऱ्याची? मंग जा की. बाईमानूस अडलंय घरात, अन् हा आला मिशा घिऊन!”

उद्धव भिजलेलं उपरणं डोक्यावर ओढून, कोपऱ्यातला कुऱ्हाडीचा दांडा उचलून निघून गेला.

नबीमामू म्हणजे कुरुंद्याचे गुलाम नबी. जर्राह. मोडलेली हाडं बसवायची, गळवं उघडायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. काल वारंग्याहून आलेल्या गाडीवाल्याबरोबर त्यांचा निरोप आला होता: उद्या येतो, तोवर जवसाचं पोटीस बांधा. म्हातारा तुसडा होता, तंबाखूसाठी खोळंबा करायचा, पण हात असा की नश्तराचं पातं कधी लागलं ते लेकराला कळत नसे. त्यांची एक तऱ्हा होती. गळवावर नश्तर ठेवण्याआधी ते पोराला म्हणायचे, मला शिवी दे. बारकी नको, तुला येते त्यातली मोठ्यातली मोठी. पोरगं आधी लाजे, आईबापाकडे बघे, मग मान ताठ करून जोरात शिवी हासडे. शिवी देताना नस बाजूला सरके, गळू वर येई, आणि पोराचं सगळं ध्यान शिवीत असे. तेवढ्यात काम होऊन जाई. गंगूताईच्या काखेतलं गळू लहानपणी त्यांनी असंच उघडलं होतं. तिची शिवी ऐकून तिच्या बापाने मागाहून तिला मारलं, आणि म्हातारा हसत राहिला. तेव्हा तो म्हातारा नव्हता.

पण हा श्रावण निराळा होता. साल अठ्ठेचाळीस. शेजारची वस्ती खाकीतल्या रझाकारांनी जाळून अजून महिनाही लोटला नव्हता. गावातल्या धर्मसिंगचा सख्खा भाऊ त्या वस्तीवर होता, तो त्यात गेला. त्याला कणगीत कोंडून पेटवलं होतं, आणि त्याच्या किंकाळ्या ऐकलेली माणसं बोरखडीत येऊन राहिली होती. तेव्हापासून धर्मसिंग वेशीवरच जेवे, वेशीवरच झोपे. गावाने चावडीवर बसून पहारा ठरवला. इशारा कशाने करायचा यावर वाद झाला. देवळातला नगारा फुटका होता, घंटेपाशी कुणी पोचेपर्यंत उशीर व्हायचा. बायका मागे उभ्या होत्या. त्यांच्यातून गंगूताई ओरडली होती, “थाळी वाजवा की! थाळी घरोघरी हाय. ज्याला दिसंल त्यानं वाजवावी!”

सगळ्यांना पटलं. मग कुणीतरी म्हणालं, पोरगा झाला की थाळी वाजवतात त्याचं काय? तेव्हाही तीच म्हणाली होती, “रझाकार जाईस्तोवर पोरं मुक्यानं होऊ द्या.”

त्यानंतर गावात दोन पोरगे झाले, मुक्याने झाले.

दुपार कलली तशी अनुसूयेची शुद्ध हरपायला लागली. रुख्मिणीने हाक मारली. गंगूताई नागूला वाकळेवर ठेवून आत गेली, अनुसूयेच्या डोक्याशी बसून तिचे दोन्ही हात धरले.

“वन्सं, मी मरते आता,” अनुसूया म्हणाली.

“मरतीस कशी? तंगडं मोडीन. जोर लाव!”

अनुसूयेने तिच्या मनगटाला चावा घेतला, इतका की रक्त आलं. गंगूताईने हात काढला नाही. मग एकदम सगळं सैल झालं आणि रुख्मिणीच्या हातात एक निळसर गोळा आला. रडेना. रुख्मिणीने त्याला पायाला धरून उलटं केलं, पाठीत चापट मारली. नाही. दुसरी मारली. गंगूताईला आधीची दोन्ही लेकरं आठवली, अशीच निळी, अशीच मुकी. तिने पोर हिसकावून घेतलं आणि त्याच्या ढुंगणावर असा फटका मारला की रुख्मिणी किंचाळली.

आणि पोर रडलं. घर दणाणून जाईल असं रडलं.

“पोरगा हाय,” रुख्मिणी म्हणाली आणि खाली बसली.

गंगूताईचं काय झालं ते तिलाही नंतर सांगता आलं नसतं. सकाळपासून छातीत कोंडलेलं सगळं हातात उतरलं. पोर अनुसूयेच्या कुशीत टाकून ती स्वयंपाकघरात धावली, उतरंडीवरची काशाची थाळी ओढली, पळी उचलली आणि दारात उभी राहून बडवायला लागली. गुरवाच्या घरची थाळी. अख्ख्या गावात तसा नाद दुसरीचा नव्हता. ती रडत होती, हसत होती आणि बडवत होती.

“ताई!” आतून रुख्मिणी ओरडली. “अवं ताई, काय करून राहिल्या!”

गंगूताईचा हात वरच्या वर थांबला.

समोरच्या घराचं दार धाडकन लागलं. कुठूनतरी दुसरी थाळी वाजली, मग तिसरी. बायका लेकरांना ओढत मागच्या बाजूला पळाल्या. आणि वेशीकडून पुरुषांचा एकच कल्लोळ उठला.

ती तशीच थाळी घेऊन धावली. पाऊस भुरभुरत होता, चिखलात पाय घसरत होते. “कोनी न्हाई! आरं, पोरगा झाला! पोरगा झाला!” असं ती ओरडत होती. पण थाळ्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

वेशीबाहेर कडुनिंबाखाली माणसांचं कोंडाळं होतं. एक तांबडी घोडी खोगीर लोंबकळत ज्वारीतून उधळली होती. कोंडाळ्यात काठ्या वर जात होत्या आणि खाली येत होत्या. खाली येताना जो आवाज होत होता, तो धान्य झोडपल्याचा नव्हता. कुणी काही बोलत नव्हतं, फक्त हुंकार. महिनाभर जागून काढलेली ती माणसं होती, त्यांची भीती काठीत उतरली होती. अशा वेळी माणूस थांबत नाही, थांबला तर त्याला स्वतःचं तोंड दिसतं. गंगूताईला पायांमधून खाकी सदरा दिसला, चिखलाने भरलेला. डोक्यावर पावसासाठी घेतलेली गोणपाटाची खोळ होती, ती रक्ताने भिजून चेहऱ्याला चिकटली होती. पडलेला माणूस उजवा हात डोक्यावर धरून होता. एक जाड दांडा वरून आला आणि त्या हातावर बसला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

“हरामखोरांनो!” खोळेतून आवाज आला. “लेकराचं गळू उघडायला आलो रे! गुरवाच्या लेकराचं!”

गंगूताईने तो आवाज ओळखला. पुढचा माणूस कोण ते न बघता तिने थाळीची कड त्याच्या कानशिलात हाणली. तो धर्मसिंग होता. दुसऱ्याच्या पोटात कोपर मारून ती आत घुसली आणि म्हाताऱ्यावर पालथी पडली. एक काठी तिच्या पाठीत बसली, मग काठ्या थांबल्या.

तिने खोळ काढली. गुलाम नबीची पांढरी दाढी लाल झाली होती, एक डोळा मिटला होता.

“पोरगा झाला म्हून म्या वाजवली,” ती म्हणाली. “पोरगा झाला म्हून.”

तिने वर बघितलं. समोर उद्धव उभा होता. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, आणि दांड्याच्या टोकाला खाकी कापडाची चिंधी अडकली होती.

“मामू, खाकी... तुमी खाकी घातली...” उद्धव पुटपुटला.

“मग काय घालू?” गुलाम नबी चिखल थुंकत म्हणाले. “वारंग्याला नाका हाय रझाकारांचा. तिकडून यायचं तर कुर्त्यात येऊ देत्यात? भाच्याची मागून आणली.”

त्यांनी उठायला उजवा हात टेकला आणि ओरडून पुन्हा पडले. हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता. बोटं सुजायला लागली होती.

धर्मसिंग कान दाबून पुढे आला. त्याच्या मानेवरून रक्त ओघळत होतं. “ताई, सरक.”

“काहून?”

“ह्याला आता सोडता येत न्हाई. ह्यो असा परत गेला तर नाक्यावर इचारतील. ह्यो सांगल. सांजंला गाव जळंल.” त्याने तिच्याकडे बघितलं नाही. “चुकीनं झालं. पन झालं. ह्याला ओढ्याकडं नेतो.”

कुणी नाही म्हटलं नाही. जे हळहळत होते तेही गप्प. त्यांनाही घरात लेकरं होती.

गंगूताई उभी राहिली. “धर्मसिंग, माजं लेकरू घरात गुदमरून राहिलंय. गळू उघडायला ह्यो एकच मानूस हाय. ते उघडू दे. मंग मी हाय, तू हायस, अन् तुजी काठी हाय.”

“अन् मंग?”

“मंगचं मंग. आता आडवा आलास तर दुसरा कान बी फोडीन.”

धर्मसिंग बाजूला झाला. पण तो आणि त्याची माणसं मागोमाग आली, आणि घराच्या दारात काठ्या टेकून उभी राहिली.

घरात नागूचे ओठ काळसर पडले होते. गुलाम नबी भिंतीला टेकून बसले. डाव्या हाताने त्यांनी गळू चाचपलं आणि चेहरा वाकडा केला.

“पक्कं झालंय. आतल्या अंगाला फुटलं तर गेलं पोरगं. आत्ताच उघडायला पायजे.”

“मंग उघडा की, मामू.”

“कशानं? ह्यानं?” त्यांनी मोडलेला हात तिच्यापुढे केला. “डाव्या हातानं मी खात बी न्हाई, नश्तर काय धरू? अन् थरथरून राहिलाय तो. इथं बाजूला मोठी नस हाय. ती तुटली तर खेळ खलास.” त्यांनी नश्तर काढून तिच्यापुढे ठेवलं. “तू उघड.”

“मी?”

“साऱ्या गावावर हात उचलतीस ना? आज जरा दमानं उचल.”

गंगूताई मागे सरकली. रुख्मिणीला सांगू का, असं ती म्हणाली. रुख्मिणी बाळंतिणीपाशी होती, हात धुवायलाही तिला सवड नव्हती. उद्धव दाराच्या कोपऱ्यात बसला होता, त्याचा काही उपयोग नव्हता. गुलाम नबीने त्याला हाक मारली. “ये. पाय धर त्याचे. धरता येतंय ना?”

उद्धव आला. त्याने पोराचे पाय धरले. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

नश्तर निखाऱ्यावर तापवून झालं. गुलाम नबीने डाव्या हाताचं बोट गळवाच्या खालच्या कडेला टेकवलं. “हे बघ. ह्या बोटाच्या वर. नखाएवढं. खोल न्हाई, आडवं न्हाई, असं उभं. मी म्हनलं की लाव.”

गंगूताईने नश्तर धरलं. अनुसूयेने चावलेलं मनगट ठणकत होतं. नागू त्या रक्ताळलेल्या दाढीकडे आणि मिटलेल्या डोळ्याकडे बघत होता, आणि भीतीने त्याचा श्वास आणखीच अडकत होता. त्याने मान आत ओढून घेतली. गळू दिसेनासं झालं.

“अरे, मान आत नक्को,” गुलाम नबी म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. गावोगावच्या पोरांना ज्या आवाजात ते बोलायचे तो आवाज त्यांनी कुठूनतरी ओढून आणला. “नागू, बेटा. मला एक शिवी दे.”

नागू बघत राहिला.

“दे ना. कोनी मारनार न्हाई. बारकी नक्को. तुला येते त्यातली मोठ्यातली मोठी.”

पोराला आत्याच्या सगळ्या शिव्या पाठ होत्या. गंगूताई वाट बघत होती त्यातली एखादी निघेल याची. नागूने श्वास ओढला. मान वर आली, गळू ताठ झालं, आणि सुजलेल्या घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून तो म्हणाला,

“रझाकार!”

दारातल्या माणसांनीही ऐकलं.

म्हाताऱ्याचा उघडा डोळा क्षणभर नागूवर थांबला. त्यातून पाणी आलं ते दुखण्याचं होतं की कशाचं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

“शाबास,” ते म्हणाले. “और जोरसे.”

“रझाकार!”

“लाव, गंगू.”

तिने लावलं. हात सरळ गेला. पू आणि रक्त तिच्या तोंडावर उडालं, आणि त्या घाणीबरोबर नागूच्या घशातून एक लांबलचक किंकाळी निघाली. अशी की आतल्या खोलीतलं नवं लेकरूही रडायला लागलं. गुलाम नबी सांगत गेले, ती दाबत गेली, पुसत गेली, कडुनिंबाच्या पाण्याने धूत गेली. हळूहळू शिट्टी थांबली. नागूने तोंड उघडून पोटभर श्वास घेतला आणि आत्याच्या मांडीवर डोकं टाकलं.

गंगूताईने त्याला गच्च धरलं आणि मोठ्याने रडली. तिला रडताना त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

“आता माझा हात,” गुलाम नबी उद्धवला म्हणाले. “बांबूच्या चिपा आन. बोटं धर अन् ओढ, मी सांगतो तसं.”

“माझ्यानं न्हाई व्हायचं, मामू.”

म्हाताऱ्याने डाव्या हाताने त्याच्या कानाखाली एक वाजवली. “मोडायला झालं, बसवायला न्हाई व्हत? ओढ!”

उद्धवने ओढलं. हाड आत करकरलं. गुलाम नबीने दातांत उपरण्याचा बोळा धरला होता, तो त्यांनी चावून फाडला. चिपा बांधून झाल्या तेव्हा दोघंही घामाने निथळत होते. चार बोटं कायमची गेली, हे म्हाताऱ्याला कळलं होतं. त्यांनी तसं सांगितलंही, नुसती बातमी सांगावी तसं.

गंगूताईने दुधाचा पेला पुढे केला.

“नक्को.”

“पानी तरी.”

“तुमच्या गावचं पानी नक्को.”

धर्मसिंग आत आला. “मिया, कसम खा. नाक्यावर सांगनार न्हाई म्हून कसम खा. आमी सोडतो.”

“न्हाई खात.” गुलाम नबीने भिंत धरून स्वतःला उभं केलं. “माझा हात गेला. पोटाचा धंदा गेला. अन् वर तुला कसम देऊ? मारायचं तर मार.”

धर्मसिंगने काठी उचलली. त्याला मारायचं नव्हतं आणि सोडायचंही नव्हतं. तो ओरडला, “ह्यांनी माजा भाऊ जाळला!”

“म्या जाळला?” म्हातारा तेवढ्याच जोरात ओरडला.

गंगूताई दोघांच्या मध्ये आली. नागूला तिने उद्धवच्या मांडीवर दिलं होतं. “मी जाते ह्यांच्यासंगं. नाक्यावरून पलीकडं घालून येते. थाळी म्या वाजवली. त्यांनी सांगितलं तर पयली मी सापडीन. माजी लेकरं हितंच हायती, धर्मसिंग. मी पळून कुटं जाईन?”

मग धर्मसिंगने काठी भिंतीला टेकवली आणि तोंड फिरवलं.

घोडी सापडली होती. गुलाम नबीला तिच्यावर चढता आलं नाही आणि त्यांनी कुणाला चढवूही दिलं नाही. डाव्या हातात लगाम धरून ते चालत राहिले. गंगूताई चार पावलं मागे. वाटेत तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर ते मागे न बघता म्हणाले, “गप चल.”

वारंग्याच्या नाक्यावर दोन जवान बंदुका घेऊन झाडाखाली बसले होते. फाटका खाकी सदरा बघून एक जण उठून उभा राहिला.

“मियाँ, किसने मारा?”

गंगूताईने मनात अनुसूयेचं, नव्या पोराचं, नागूचं तोंड बघून घेतलं. गुलाम नबीने बोरखडीकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस होता तो, आणि त्या गावासाठी खोटं बोलावं असं त्या गावाने काही ठेवलं नव्हतं.

“इनके घर पोट्टा हुआ,” ते शेवटी म्हणाले. “थाली बजाए. घोडी बिदक गई.”

जवानाने जवळ येऊन त्यांच्या चेहऱ्यावर बोट फिरवलं. “गिरे तो मुँह पे लाठी का निशान कायकू?”

“जर्राह मैं हूँ या तू?” म्हातारा खेकसला. “हड्डी-चमडी का हिसाब मेरेकू नक्को सिखा.”

दुसरा जवान हसला. पोट्टा झाला तर मिठाई कुठे आहे, असं त्याने गंगूताईला विचारलं. ती हसली. कशी हसली ते देव जाणे. त्यांनी दोघांना जाऊ दिलं.

नाका दृष्टीआड झाला तशी ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. गाव वाचलं होतं. नागू वाचला होता. तिला हात जोडायचे होते, पाय धरायचे होते, पण म्हातारा थांबला नव्हता. तो पुढच्या बाभळीपर्यंत गेला, लगाम फांदीला अडकवला आणि तिच्याकडे पाठ करून लघवीला उभा राहिला. पायजम्याच्या नाडीशी त्याचा डावा हात खटपट करत होता. नाडीची गाठ भिजून घट्ट बसली होती. तो दातांनी धरायला गेला, तेवढं वाकता येईना. गंगूताईने मान खाली घातली. उठून मदत करावी असं तिच्या मनात आलं, आणि तसं केलं तर हा माणूस मरेल, हेही कळलं. ती चिखलाकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने वर पाहिलं, तेव्हा तो तसाच उभा होता. हात बाजूला लोंबत होता, आणि पायजमा मांड्यांपासून खाली गडद झाला होता.

समोर ओढा होता. त्याच्या पलीकडून कुरुंद्याची वाट लागत होती. वाटेवर माणसं असणार, घरी सुना-नातवंडं असणार.

ओढ्यावर दगड टाकलेले होते, सगळे त्यांवरूनच जात. गंगूताई उठली, पुढे झाली, तिने घोडीचा लगाम सोडवून घेतला. “मामू, दगड लई निसरडे झालेत,” ती मागे न बघता म्हणाली. “हिकडून जाऊ.” आणि ती दगडांच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी खोल होतं, तिथे लुगड्यासकट उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं. ती मध्यावर थांबली.

मागे पाण्यात पाऊल पडल्याचा आवाज आला. गुलाम नबी सावकाश आत आले, चिपा बांधलेला हात वर धरून, आणि पाणी कमरेच्या वर येईपर्यंत आले. गढूळ ओढा दोघांच्या अंगावरून वाहत होता. तिथे ते थोडा वेळ उभे राहिले, तेवढी गरज नव्हती तरी.

पलीकडच्या काठावर दोघंही सारखेच भिजले होते. गंगूताईने लगाम त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“जखमेवर पट्टी रोज बदल,” ते म्हणाले. “पोराला मारू नको.”

मग ते कुरुंद्याच्या वाटेला लागले. त्यांच्या पायजम्यातून ओढ्याचं पाणी ठिबकत होतं.